अमेरिका, बंगळूर, कोल्हापूर की बँकेची परीक्षा?

प्रश्न : मॅडम, मी खानापूर तालुक्यातल्या एका खेड्यातली, वय १९. बेळगावात बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. उंची ५ फूट ७ इंच. आठवीपासून बास्केटबॉल खेळते. यंदा राणी चन्नम्मा विद्यापीठाच्या संघातून दक्षिण विभागीय आंतरविद्यापीठ स्पर्धा खेळून आले. आम्ही लवकर हरलो, पण तिथं एका माणसानं माझा खेळ बघून नंबर घेतला. तो म्हणतो, दोन लाख भरा, व्हिडिओ बनवून अमेरिकेच्या कॉलेजात पूर्ण स्कॉलरशिप मिळवून देतो. बंगळूरच्या एका क्लबचे कोच म्हणतात, इकडं येऊन राहा. पण मग कॉलेज सुटणार. बाबा उद्यमबागेत फौंड्रीत आहेत. सोसायटीतून कर्ज काढतो म्हणतात, पण मी बँकेच्या परीक्षा द्याव्यात असं त्यांच्या मनात आहे. आई म्हणते कोल्हापूरला ॲडमिशन घे, कर्नाटकच्या संघात मराठी पोरीला कोण घेणार? मला खेळ सोडायचा नाही. काय करू? – एक खेळाडू, खानापूर

उत्तर : पोरी, आधी त्या दोन लाखांचं बोलते, कारण कर्ज एकदा उचललं की बाकी सगळा सल्ला वाया जातो. पैसे देऊ नका. बाबांना आजच सांग.

अमेरिकेतल्या कॉलेजचा कोच आपल्या संघाच्या गरजेपोटी खेळाडू शोधतो, त्यासाठी तो खेळाडूकडून पैसे मागत नाही. तिथली स्कॉलरशिप खरी आहे, हेही सांगते. कॉलेज खेळांची तिथली मोठी संघटना एनसीएए. तिच्या पहिल्या विभागात, डिव्हिजन वनमध्ये, साडेतीनशेच्या आसपास कॉलेजांचे महिला बास्केटबॉल संघ आहेत. १९७२ च्या ‘टायटल नाईन’ कायद्यानं शिक्षणसंस्थांत मुलींशी भेदभाव करायला बंदी घातली, तेव्हापासून मुलींच्या खेळाकडंही पैसा वळला. आपल्याच राज्यातली, बंगळूरची संजना रमेश नॉर्दर्न ॲरिझोना विद्यापीठाकडून डिव्हिजन वन खेळली. पण ती भारताच्या वयोगटातल्या संघांतून खेळलेली मुलगी, आणि बारावी झाल्या झाल्या गेली.

हे ‘झाल्या झाल्या’ फार महत्त्वाचं आहे. डिव्हिजन वनमध्ये खेळाडूला पाच वर्षांची मुदत असते, आणि ती तुम्ही जगातल्या कुठल्याही कॉलेजात पूर्णवेळ प्रवेश घेतला की सुरू होते. बेळगावातल्या कॉलेजात बी.कॉम.ला नाव घातलंस तेव्हाच तुझी मुदत सुरू झाली. आता व्हिडिओ, अर्ज, इंग्रजीची परीक्षा, व्हिसा हे सगळं होऊन तू तिथं पोचेपर्यंत निम्मी तरी संपलेली असेल. मग दोन-अडीच वर्षांसाठी पूर्ण स्कॉलरशिप द्यायला कोचला तुझ्यात फार मोठं काही दिसावं लागेल. त्या माणसानं हे तुला सांगितलं होतं का? सांगितलं नसेल तर एकतर त्याला नियम ठाऊक नाहीत, नाहीतर ठाऊक असून त्यानं दडवलेत. दोन्ही कारणांनी तो पैसे देण्याच्या लायकीचा नाही. शिवाय डिव्हिजन थ्रीच्या कॉलेजांत खेळासाठी स्कॉलरशिप मुळातच नसते, हेही अशा जाहिरातींत कुणी सांगत नाही.

आणि तिथं खेळून पुढं काय, तेही बघ. डब्ल्यूएनबीए ही तिथली मुलींची व्यावसायिक लीग. तिचे संघ वर्षातून एकदा नव्या खेळाडू निवडतात, त्या ड्राफ्टच्या तीन फेऱ्या, त्यात चाळीसेक नावं. एकट्या डिव्हिजन वनमध्ये खेळणाऱ्या मुली हजारोंनी. केरळची गीतू ॲना जोस आपल्या देशानं पाहिलेल्या उत्तम सेंटरपैकी, म्हणजे बास्केटखाली खेळणाऱ्या उंच खेळाडूंपैकी, एक, ऑस्ट्रेलियात व्यावसायिक खेळून आलेली. २०११ साली तिनं डब्ल्यूएनबीएच्या संघांकडं चाचण्या दिल्या, पण तिलाही करार मिळाला नाही. अमेरिकेतल्या कॉलेजच्या बहुतेक मुलींचा खेळ कॉलेजबरोबरच संपतो आणि त्या पदवीवर नोकरीला लागतात. तिथल्या मुलीही हे जाणून खेळतात.

तरीही चाचपून बघावंसं वाटत असेल तर बघ, पण फुकटात. एखाद्या मैत्रिणीला मोबाईल घेऊन उंचावर बसव आणि दोन अख्खे सामने रेकॉर्ड करून घे. नुसत्या बास्केट जोडलेल्या व्हिडिओपेक्षा अख्खा सामना बरा, कारण बॉल हातात नसताना तू काय करतेस हे कोचला बघायचं असतं. कॉलेजच्या वेबसाइटवर कोचचा ईमेल असतो. डिव्हिजन टू आणि तिथल्या दोन वर्षांच्या ज्युनियर कॉलेजांनाही लिही. उत्तर आलं तर मला कळव.

आता आपल्या देशात ह्या खेळावर पोट कसं भरतं ते सांगते. तुझ्या पत्रात ह्याबद्दल एक ओळही नाही, आणि मला वाटतं तुझं उत्तर इथंच आहे.

भारतात बास्केटबॉल नोकरीवर जगतो. लीग येतात आणि जातात. २०१५ साली यूबीए नावाची पुरुषांची लीग मोठ्या गाजावाजानं आली, दोन-तीन वर्षांत थांबली. मुलींच्या वाट्याला तेवढंही आलं नाही. टिकलं ते रेल्वे, बँका, ओएनजीसीसारखी महामंडळं, सेनादल आणि पोलीस. चेन्नईची अनिता पॉलदुराई, जिला २०२१ साली पद्मश्री मिळाली, दक्षिण रेल्वेत नोकरीला. पुण्याची शिरीन लिमये भारताची कप्तान झाली, तीही रेल्वेकडून खेळलेली. सीनियर राष्ट्रीय स्पर्धेत महिलांचं विजेतेपद बहुतेक वर्षी रेल्वेकडं जातं, कारण राज्याराज्यांतल्या चांगल्या मुलींना नोकरी देऊन रेल्वेच घेते. बँकांचा आधार मात्र कमी झाला. आपल्या राज्यात विजया बँक आणि स्टेट बँक ऑफ म्हैसूर ह्यांचे संघ होते. म्हैसूर बँक २०१७ साली स्टेट बँकेत गेली, विजया बँक २०१९ साली बँक ऑफ बडोदात. त्यामुळं जाहिरातींवर डोळा ठेवताना पहिली नजर रेल्वेवर ठेव. नैऋत्य रेल्वेचं मुख्यालय हुबळीला, तुझ्या घरापासून दोन-अडीच तासांवर.

रेल्वेच्या खेळाडू कोट्याला वयाची अट १८ ते २५, आणि त्यात कुठल्याही प्रवर्गाला सवलत नाही. लिपिक पातळीच्या पदांसाठी अखिल भारतीय आंतरविद्यापीठ स्पर्धेत पहिल्या तीनात यावं लागतं, किंवा राज्याकडून राष्ट्रीय स्पर्धा खेळून पहिल्या आठात. निवड १०० गुणांची : ट्रायलमधला खेळ, फिटनेस आणि कोचचं मत मिळून ४०, स्पर्धांमधली कामगिरी ५०, शिक्षण १०. कामगिरीही जाहिरातीच्या आधीच्या दोन-तीन वर्षांतलीच धरतात, शाळेतली जुनी मेडलं कामाला येत नाहीत.

ह्या मापानं तू आज कुठं आहेस ते मोकळेपणानं सांगते. प्रत्येक विभागातून चारच विद्यापीठं अखिल भारतीय फेरीला जातात, आणि दक्षिण विभागात तमिळनाडू-केरळची विद्यापीठं आहेत. चेन्नईचं एसआरएम, मद्रास विद्यापीठ, केरळ विद्यापीठ ह्यांचे संघ वर्षभर सकाळ-संध्याकाळ सराव करतात, आपल्या मुली लेक्चर सांभाळून आणि स्पर्धेच्या तोंडावर पंधरा दिवसांच्या कॅम्पवर जातात. आपलं विद्यापीठ २०१० सालचं, त्याला वेळ लागेल. तोपर्यंत तुझ्या संघाबरोबर तू पहिल्या तीनात येशील असं मला वाटत नाही. म्हणून तुझ्यासाठी दोनच खऱ्या वाटा आहेत : कर्नाटकच्या सीनियर संघात निवड, किंवा पदवीनंतर बळकट संघ असलेल्या विद्यापीठात एम.कॉम.ला प्रवेश. आंतरविद्यापीठ स्पर्धा वयाच्या पंचविशीपर्यंत खेळता येते. २१ व्या वर्षी पदवी हातात आली की पुढची दोन वर्षं बंगळूर, मंगळूर किंवा चेन्नईला स्पोर्ट्स कोट्यातून फी माफ होऊन शिकता येतं. एका चांगल्या हंगामाचं प्रमाणपत्र मिळालं तरी रेल्वेचा फॉर्म भरायला तुझ्याकडं दोन वर्षं उरतात.

यंदाचं प्रमाणपत्रही वाया गेलेलं नाही. इन्कम टॅक्स, कस्टम्स, पोस्ट अशा केंद्राच्या खात्यांच्या नियमात विद्यापीठाचं प्रतिनिधित्व एवढ्यावरही खेळाडू अर्जाला पात्र ठरतो आणि वयातही सवलत मिळते. पदकवाल्या मुली तुझ्या पुढं असतील, पण दार बंद नाही. त्यासाठी साधं सर्टिफिकेट चालत नाही. ‘फॉर्म ३’ नावाचा ठरलेला नमुना असतो आणि त्यावर विद्यापीठाच्या क्रीडा विभागाच्या प्रमुखांची सही लागते. ती ह्याच वर्षी घेऊन ठेव. चार वर्षांनी अधिकारी बदललेले असतात, रेकॉर्ड सापडत नाही, आणि मुली विद्यापीठापायी भूतरामहट्टीच्या फेऱ्या मारत बसतात. असं होताना मी बघितलंय आणि फार जीव तुटतो.

आता आईचा प्रश्न. त्यांची काळजी मला कळते. सीमाभागात आपण कागदापासून बसच्या पाटीपर्यंत सगळीकडं हा ताण घेऊन वाढतो. पण खेळापुरतं सांगायचं तर कर्नाटकच्या संघापासून तुला अडवणारी गोष्ट तुझी भाषा नाही, अंतर आहे. राज्य संघाची निवड ज्या सामन्यांतून होते ते बहुतेक बंगळूर, म्हैसूर, मंड्याकडं होतात, निवड करणाऱ्यांचे डोळे तिथं असतात, आणि खानापूरची पोर त्यांना वर्षातून एकदाच दिसते. धारवाड-विजापूरच्या कन्नड बोलणाऱ्या मुलींचीही हीच अडचण आहे. कन्नड मात्र घोटून शिक. कोर्टवर डिफेन्समध्ये हाका मारायच्या असतात, टाइमआउटला कोच मिनिटभरात चार गोष्टी सांगतो. तेव्हा मनात भाषांतर करत बसलीस तर एक सेकंद उशिरा पोचशील. शाळेत शिकलेलं पुस्तकी कन्नड तुझ्याकडं आहेच, होस्टेलच्या मुलींशी ते बोलायला लाग. त्यानं आपलं मराठीपण तसूभरही कमी होत नाही.

कोल्हापूरला गेलीस तर शिवाजी विद्यापीठ पश्चिम विभागात खेळतं. पण एवढ्यासाठी पदवीच्या मध्यावर विद्यापीठ बदलणं मला पटत नाही. विषय जुळवण्यात आणि बदलीच्या कागदांत एखादं वर्ष जातं, आणि खेळाडूचं एक वर्ष फार मोलाचं. महाराष्ट्रात सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे हे खरं. वादग्रस्त ८६५ गावांतल्या मराठी उमेदवारांना १५ वर्षांच्या वास्तव्याच्या दाखल्यावर तिथल्या भरतीत अर्जही करता येतो. पण खेळाडूच्या आरक्षणात कुठल्या राज्याकडून खेळलीस हेही तपासतात. कर्नाटकच्या जर्सीत मिळवलेलं यश तिथं मोजलं जाईल असं धरून चालू नकोस. अर्जाआधी जाहिरातीतला तो परिच्छेद वाच. तुमचं गाव यादीत असेल तर वास्तव्याचा दाखला काढून ठेवायला हरकत नाही.

बाबांच्या बँक परीक्षेत मात्र तुझ्यासारखीला एक फायदा आहे. आयबीपीएसच्या क्लार्क परीक्षेला वय २० ते २८, पदवी हवी, आणि ज्या राज्यात अर्ज करशील तिथली भाषा यावी लागते. दहावीच्या मार्कलिस्टवर ती भाषा असली की वेगळी चाचणी द्यावी लागत नाही. मराठी माध्यमात शिकून कन्नड विषय घेतलेल्या सीमाभागातल्या मुलीकडं दोन्ही भाषा त्या कागदावर असतात. कुठल्या राज्यातून अर्ज करायचा हे तू जागा बघून ठरवू शकतेस. आणि ही परीक्षा अठ्ठाविसापर्यंत देता येते, रेल्वेचा कोटा पंचविशीला संपतो. म्हणून पुढची चार वर्षं खेळाला दे, अभ्यास सोबत असू दे. पदवी दोन्हीकडं लागते, म्हणून कॉलेज सोडायचं नाही.

तुझ्या खेळाबद्दल तू फक्त उंची लिहिलीस. ५ फूट ७ इंच म्हणजे आपल्या तालुक्यात तू संघातली सगळ्यांत उंच मुलगी असशील, त्यामुळं शाळेपासून तुला बास्केटखाली उभं केलं असणार. राष्ट्रीय पातळीवर ह्या उंचीच्या मुली गार्ड खेळतात, म्हणजे बाहेरून बॉल पुढं आणतात आणि खेळ रचतात. बास्केटखाली सहा फुटांच्या मुली असतात. म्हणजे तुझी जागा बदलणार आहे आणि त्याची तयारी आजपासून हवी. डावा हात उजव्याइतका चालला पाहिजे, बॉलकडं न बघता ड्रिबल झालं पाहिजे, लांबून शॉट बसला पाहिजे. तुझ्या कॉलेजच्या स्टोअरमधला बॉल उलटून त्यावरचा आकडा बघ. मुलींचा बॉल ६ नंबरचा. आपल्याकडं बहुतेक ठिकाणी मुलांचाच ७ नंबरचा बॉल मुलींना देतात, तो मोठा आणि जड. त्यानं शॉटची सवयच बिघडते. स्पर्धेला गेल्यावर ६ नंबर हातात आला की प्रत्येक शॉट रिंगच्या पलीकडं जातो, आणि मुलीला वाटतं आपणच घाबरलो. क्रीडा शिक्षकांच्या मागं लाग, नाही मिळाला तर चौघींनी मिळून एक ६ नंबर घ्या.

आणि टेप घेऊन कोर्ट मोज. तीन गुणांची रेषा २०१० पासून ६.७५ मीटरवर आहे, त्याआधी ६.२५ वर होती. जुनी रंगवलेली कोर्टं अजून तशीच आहेत. अर्ध्या मीटरचा हा फरक स्पर्धेत कळला तर उपयोग नाही. खडूनं नवी रेषा मारून घे. बॉल हातात आल्यावर २४ सेकंदांत शॉट मारावा लागतो, पण गावच्या स्पर्धांत ते घड्याळ नसतं, त्यामुळं आपल्या मुली बॉल फिरवत राहतात. सरावाला एकीला मोबाईलवर वेळ लावून मोठ्यानं शेवटचे दहा सेकंद मोजायला बसव. ३×३ पण खेळ. अर्धं कोर्ट, दहा मिनिटं, १२ सेकंदांत शॉट. टोकियो ऑलिम्पिकपासून तो ऑलिम्पिकचा खेळ आहे, आणि चारच मुली लागत असल्यानं खानापुरातूनसुद्धा संघ उभा राहू शकतो.

शरीराचं थोडं. मुलींमध्ये गुडघ्यातला एसीएल नावाचा अस्थिबंध फाटण्याचं प्रमाण मुलांपेक्षा जास्त असतं, आणि ऑपरेशननंतर कोर्टवर परतायला नऊ महिने ते वर्ष लागतं. उडी मारून खाली येताना गुडघे आत वळतात का, हे कुणाला तरी समोरून बघायला लाव. वळत असतील तर मांड्या आणि कंबरेचे व्यायाम वाढव. खानापूरच्या पावसात शेवाळलेल्या सिमेंट कोर्टवर उतरू नकोस, त्या महिन्यांत जिने, दोरी आणि भिंतीशी पासिंग कर. एकदा सरकारी दवाखान्यात हिमोग्लोबिन तपासून घे. दुसऱ्या हाफमध्ये पाय जड होतात असं ज्या मुली सांगतात, त्यांतल्या कितीजणींचा स्टॅमिना कमी नसून रक्त कमी असतं.

तुझ्या बाबांना माझ्याकडून एवढं सांग. दादा, मुलीसाठी कर्ज काढायला तुम्ही तयार झालात, ही गोष्ट लहान नाही. ते पैसे लागणार नाहीत. त्याऐवजी तिला दोन वर्षं बरे बूट, रोजची अंडी-दूध आणि वर्षातून एकदा बंगळूरचा प्रवास एवढं पुरवा. आणि पदवी झाली की लगेच ‘आता बस्स’ म्हणू नका. ती पंचवीसची होईपर्यंत दर वर्षी तिच्याबरोबर बसून हिशेब करा : यंदा कुठली स्पर्धा, कुठलं प्रमाणपत्र, कुठल्या जाहिराती. खेळातून नोकरी नाही लागली तर बँकेची परीक्षा आहे, बी.पी.एड.ची दोन वर्षं करून शाळेत क्रीडाशिक्षिका होता येतं. आपल्या तालुक्यात मुलींना बास्केटबॉल शिकवणारी बाई मिळाली तर मला फार आनंद होईल.

राहिले बंगळूरचे कोच. त्यांना नाही म्हणू नकोस. असं कळव : सर, मी पदवी पूर्ण करणार आहे. मेच्या सुट्टीत महिनाभर सरावाला येईन. राज्य स्पर्धेत तुमच्या क्लबकडून खेळायचं तर नोंदणी कुठल्या जिल्ह्याची आणि कधीपर्यंत करायची? मुलींची राहायची सोय कुठं, तिथं बाई वॉर्डन आहेत का, आणि खर्च कोण करतं? पदवीनंतर कुठल्या कॉलेजात स्पोर्ट्स सीटसाठी तुम्ही माझं नाव सुचवाल? फोनवर बोलणं झालं तरी हे सगळं मेसेजमध्ये लिहून पाठव आणि उत्तरही लिहूनच माग. मेमध्ये पहिल्यांदा जाशील तेव्हा आईला घेऊन जा, त्यांना जागा बघू दे, तिथल्या मुलींशी बोलू दे. कोचना हे प्रश्न आवडले नाहीत तर दुसरा क्लब शोधू.